आठ पतंग, तीन रात्री आणि उधारीची वही

कळमेश्वर तालुक्यातलं एक गाव. बसथांब्यासमोर कृषी केंद्राचं दुकान. काचेच्या काउंटरवर एक बटणांचा फोन स्पीकरवर ठेवलाय आणि त्यातून एका बाईचा आवाज येतोय : "सध्या पराटीवर (म्हणजे कपाशीवर) पायरेथ्रॉइडची दवाई मारू नका. अळी दबल्यासारखी वाटते, पन मांगून पांढरी माशी वाढते..." काउंटरच्या पलीकडे दुकानदार हाताची घडी घालून ऐकतोय. अलीकडे उभा असलेला शेतकरी फोनकडे बघतच नाही, दुकानदाराच्या तोंडाकडे बघतोय. निरोप संपतो. दुकानदार काही न बोलता हातातली बाटली मागच्या फळीवर ठेवतो आणि दुसरी काढतो.

हे 2022 च्या पोळ्यानंतरचं दृश्य. तिथवर पोचायला आम्हाला दोन हंगाम लागले, आणि त्यातला पहिला जवळजवळ पुरता वाया गेला. तो का गेला आणि दुसऱ्यात काय बदललं, त्याची ही हकिकत. 'माहिती तंत्रज्ञान आणि विकसनशील देश' अशा मथळ्याच्या परिसंवादात मी पूर्वी बोललोय. पडद्यावर चौकोन, बाण आणि एक ढग. त्या आकृतीत शास्त्रज्ञ होता, मोबाइलचा टॉवर होता, शेवटच्या चौकोनात शेतकरी होता. दुकानदार नव्हता. त्याची उधारीची वही तर नव्हतीच.

आम्ही चौघे. दोघे नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रात सॉफ्टवेअरची नोकरी करणारे, एक कृषी पदवीधर मैत्रीण आणि माझा मावसभाऊ, ज्याचं वावर याच तालुक्यात आहे. गावं तीन, सगळी नागपूरहून फेटरीच्या रस्त्यानं तासाभराच्या आत येणारी. पैसा बराचसा खिशातला, थोडा एका ओळखीच्या न्यासाचा. कल्पना एका ओळीची : गुलाबी बोंडअळीवर कधी फवारायचं आणि कधी नाही, हे शेतकऱ्याला फोनवर वेळेत कळवायचं.

अळी बोंडात, शास्त्रज्ञ वर्धा रोडवर

बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला कापूस, भारतात 2002 साली आला, दोन जनुकांचं वाण 2006 साली. काही वर्षं बोंडअळीचं नावच कुणी काढलं नाही. मग गुलाबी अळीनं तेही पचवलं. आधी गुजरातेत, मग आपल्याकडे. 2017 च्या हंगामात विदर्भात बोंड फोडलं की आत अळी, अशी गत झाली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. या दोन गोष्टी एकमेकींपासून फार लांबच्या नाहीत. घाबरलेला माणूस एका पंपात दोन-तीन दवाया मिसळतो.

ही अळी बोंडाच्या आत राहते, त्यामुळे डोळ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून मोजायचे ते पतंग. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, तिला ल्यूर म्हणतात. नर पतंग वासाला भुलून पिशवीत पडतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले की फवारणीची वेळ झाली असं समजायचं. त्याआधी मारलेली दवाई म्हणजे पैसा मातीत. दुसरी खूण डोमकळीची : पाकळ्या उमलतच नाहीत, फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं आणि उघडलं की आत अळी. अशी फुलं सुरुवातीलाच तोडून नष्ट केली तर पुढचा बराच त्रास वाचतो.

हे सगळं ज्ञान नागपुरातच आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून इथे आहे, वर्धा रोडला. प्रादेशिक हवामान केंद्रही नागपुरातच. तिथून तासाभराच्या अंतरावरचा शेतकरी मात्र नुसत्या अंदाजावर फवारतो. मधली ही दरी माहितीची आहे आणि माहिती पोचवली की ती बुजेल, असं आम्ही धरून चाललो.

असं धरून चालणारे आम्ही पहिले नव्हतो. 1998 साली वारणेच्या खोऱ्यात सत्तर गावांत संगणक बसले, देशभर गाजावाजा झाला. गावकरी त्यावर जगभराची माहिती बघतील अशी कल्पना होती. प्रत्यक्षात ते संगणक मुख्यतः साखर कारखान्याच्या कामी आले : कुणाचा ऊस किती टन गेला, पावती निघाली का, खत किती मिळणार. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी तिथे तेच काम साध्या फोनच्या एसएमएसवर करून दाखवलं. लोकांना आपल्या उसाचं वजन हवं होतं, आणि त्याला संगणक लागत नव्हता. 2004 मध्ये किसान कॉल सेंटर सुरू झालं. 2008 ला सोयाबीनवर अळीनं थैमान घातल्यावर राज्याच्या कृषी खात्यानं क्रॉपसॅप उभं केलं. कीड सर्वेक्षण करायचं आणि त्यावरून एसएमएसनं सल्ला द्यायचा. 2016 साली नागपूर देशातला पहिला डिजिटल जिल्हा म्हणून जाहीर झालं, फायबर ग्रामपंचायतीपर्यंत गेलं. ग्रामपंचायतीपासून वावरापर्यंतची तार आपण ओढू, असं आम्हाला वाटलं. वय लहान होतं अशी सबब सांगायचीही सोय नाही, माझी चाळिशी उलटली होती.

2021 : 53 घरं आणि 140 नंबर

सुरुवात एसएमएसनं केली, आणि पहिल्याच आठवड्यात मराठीनं आम्हाला गणित शिकवलं. रोमन अक्षरांत लिहिलं तर एका एसएमएसमध्ये 160 घरं मिळतात. देवनागरीत 70. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त, सगळ्यांचं वेगळं घर मोजलं जातं. 'सापळ्यात सलग तीन रात्री आठ पतंग दिसल्यास फवारणी करावी' या वाक्याला 53 घरं जातात. मोजून बघा. उरलेल्या सतरा घरांत दवाईचं नाव, प्रमाण, तारीख काय बसवणार? निरोप लांबला की त्याचे 67-67 घरांचे तुकडे होतात आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे पडतात. एवढं करून जुन्या बटणांच्या फोनवर अक्षरांच्या जागी चौकोन उमटायचे. रोमन लिपीतली मराठी पाठवून पाहिली. ती पोरांना वाचता आली, बापांना नाही.

शिवाय त्या वर्षी एसएमएसचे नियम कडक झाले होते. पाठवणाऱ्याची आधी नोंदणी, मजकुराचा साचा आधी मंजूर. आर्थिक फसवणुकीला आळा घालायला नियम ठीकच आहेत, पण आमची अडचण वेगळी. साचा मंजूर झाला तेव्हा मावा-तुडतुड्यांचा मजकूर होता. नवा साचा पास होईस्तोवर पराटीला पाते, म्हणजे फुलकळ्या, लागले होते.

म्हणून आवाजाकडे वळलो. रेकॉर्ड केलेला निरोप, एका दमात सगळ्यांना फोन. सेवा विकत घेतली. फोन 140 नं सुरू होणाऱ्या नंबरवरून जायचे, कारण घाऊक फोनांसाठी तीच मालिका ठरलेली. मावसभावाच्या धुऱ्याला लागून ज्यांचं वावर आहे त्या काकाजींना विचारलं, फोन आला होता का?

"आल्ता ना. मले वाटलं लोनवाल्याचा हाय, कापला."

ज्यांनी उचलला त्यांचं निराळंच. निरोप आमच्या मैत्रिणीच्या आवाजात होता. स्वच्छ, शुद्ध, आकाशवाणीला शोभेल असा. "कामगंध सापळ्यांमध्ये आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास..." अशी वाक्यं. गावात सापळ्याला नुसतं 'पिशवी' म्हणतात. एक म्हातारबा म्हणाले, मॅडम बातम्या देऊन राहिल्या होत्या. दुसऱ्यांनी 'आर्थिक नुकसान' एवढं नेमकं ऐकलं आणि मावसभावाला गाठून विचारलं, "किती भरपाई हाय? कोन्या बँकेत येईन?" आर्थिक नुकसान पातळी, म्हणजे फवारणीची वेळ दाखवणारा किडीचा आकडा, हा कृषी खात्याचा पक्का शब्द आहे, पुस्तकात बरोबरच आहे. पण नुकसान हा शब्द विदर्भातल्या शेतकऱ्यानं इतकी वर्षं पंचनाम्याच्या संदर्भातच ऐकलाय, त्यानं दुसरा काय अर्थ घ्यावा?

फोन कुणाला लावायचा यातही चूक होती. यादी केली होती सातबाऱ्यावरच्या नावांची, म्हणजे जवळपास सगळे पुरुष. मंगळवारी सकाळी अकराला फोन जायचा. त्या वेळी घरधनी तालुक्याला किंवा बैलं घेऊन वावराच्या दुसऱ्या टोकाला. घरातला चांगला फोन पोराबरोबर एमआयडीसीच्या पाळीवर. आणि पराटीच्या ओळीत वाकून, प्रत्येक झाडाला हात लावून, फूल मिटलेलं आहे की उमललेलं हे जिला सगळ्यात आधी दिसतं ती बाई यादीतच नव्हती. निंदण बायकांचं, वेचणी बायकांची, फवारणीला पाणी आणून देणं बायकांचं. डोमकळी हा शब्द त्या तीन गावांत मी पहिल्यांदा एका बाईकडूनच ऐकला, आणि आमच्या निरोपात तो कुठेच नव्हता.

एक गोष्ट तर हंगाम संपल्यावर लक्षात आली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमच्या यादीतले कितीतरी नंबर लागतच नव्हते. आम्हाला वाटलं, टॉवर. कारण होतं रिचार्ज. जूनमध्ये बी-बियाण्याला घरातला पैसा जातो, कापूस निघायला दिवाळी येते. मधले महिने घर सगळ्यात कोरडं असतं, त्यात महिन्याचा रिचार्ज टळतो, आणि मुदत संपून काही दिवस गेले की येणारे फोनही बंद होतात. नेमका हाच अळीचा काळ. ज्या आठवड्यात सल्ला सगळ्यात मोलाचा, त्याच आठवड्यात फोन मुका. हे कुठल्याही संगणकात आधी दिसलं नसतं. जमाखर्चाच्या वहीत दिसलं असतं, पण ती बघायची आम्हाला बुद्धी झाली नाही.

वही

दिवाळीनंतर काकाजींच्या ओसरीवर बसलो होतो. मी विचारलं, तुमच्या पिशवीत आठ पतंग आले होते का, तुम्ही मोजले का?

"मोजले ना. तीन-चार यायचे."

मग फवारलं कशाला?

काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाऊस वरून का पडतो ते विचारलं. "दुकानदार म्हने घेऊन जा, पैसे कापूस निंगल्यावर देजो. आता उधारीत देऊन राहिला मानूस, त्याले नाइ म्हनू काय? उद्या खत पायजे असन तं?"

तिथे आमचा सगळा प्रकल्प ओसरीवर आडवा झाला. काकाजींना माहिती होती. आठाचा आकडाही ठाऊक होता, मावसभावानं सांगितलेला. त्यांच्याकडे नव्हता तो रोख पैसा, आणि रोख पैसा नसलेल्या माणसाला दवाई निवडता येत नाही. जो उधार देतो तो निवडतो.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे गेलो, मनात त्याला खलनायक ठरवूनच. दोन तास बसलो. त्यानं वही काढून दाखवली, नावांवर हात ठेवून. लांबट, लाल कापडी बांधणीची. एकेका पानावर एक घर : जूनमध्ये बियाण्याची पाकिटं, मग डीएपी, मग युरिया, मग दवाया, टॉनिक, मध्येच एक ओळ 'पोरीच्या लग्नाचे नगदी'. डिसेंबर-जानेवारीच्या रकान्यात जमा. काही पानांवर जमाच नाही. मागच्या वर्षीचा आकडा पुढे ओढलेला. त्याला स्वतःला नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याची उधारी होती. कंपनीची टार्गेटं होती, हे त्यानं लपवलं नाही. पण त्याचं एक वाक्य मला अजून आठवतं. म्हणाला, "भाऊ, त्याची पराटी गेली तं माहे पैसे बुडाले. मी तीन दवाया देतो ते का फक्त कमाईसाठी देतो?"

म्हणजे जादा दवाई हा त्याचा विमा होता, आणि त्या विम्याचा हप्ता शेतकरी भरत होता. लोभ होताच, नाही असं मी म्हणणार नाही. पण लोभापेक्षा भीती जास्त होती, आणि भीती असलेल्या माणसाशी बोलता येतं. शेतातला कापूस वाचावा अशी मनापासून इच्छा असलेला, रोज शंभर माणसांशी बोलणारा, प्रत्येकाची जमीन आणि पीक तोंडपाठ असलेला माणूस गावात आधीच बसलेला होता. त्याला वळसा घालून जायला आम्ही टॉवर, सर्व्हर आणि 140 नंबर वापरत होतो.

नंतर वाचनात आलं की गुजरातेतल्या कापूस उत्पादकांना फोनवरून आवाजी सल्ला देऊन त्याचा परिणाम तपासला गेलाय, आणि तिथे सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांची दुकानदाराच्या सल्ल्यावरची भिस्त कमी झाली. आमची पहिली वाट तीच होती. ती चुकीची होती असं म्हणवत नाही, तिथे चाललीच की. आमच्या गावांत वहीची पकड जास्त घट्ट होती, किंवा आमचा निरोप कच्चा होता. बहुधा दोन्ही.

2022 : पोळ्याच्या आत

दुसऱ्या हंगामात आम्ही फोन करणं बंद केलं. एक साधा दहा आकडी नंबर घेतला आणि तो आटाचक्कीच्या भिंतीवर, सार्वजनिक नळाजवळ आणि दुकानाच्या शटरवर रंगवला. मिस कॉल द्या, त्याच नंबरवरून उलटा फोन येईल. एक दाबलं की या आठवड्याचा निरोप, दोन दाबलं की तुमचा प्रश्न रेकॉर्ड होणार. एवढंच. मिस कॉल कुणाच्याही फोनवरून देता येतो, त्यामुळे रिचार्जची अडचण बरीच सुटली. शेजारणीच्या फोनवरून ऐकणाऱ्या बाया आम्हाला नंतर भेटल्या. इथिओपियात 2014 पासून 8028 हा असाच नंबर चालतो. शेतकरी आपणहून फोन लावतो, आपली भाषा निवडतो, हवं ते ऐकतो. तिथे सरकार पाठीशी आहे आणि वापर लाखोंनी आहे, आमची बरोबरी नाही. पण ज्याला हवं त्यानं यावं, हा मुद्दा तोच. आपण गेलो की आपण लोनवाले, तो आला की आपण कामाचे.

आवाज बदलला. मैत्रिणीनं मजकूर करायचा आणि तो सांगायचा वेचणीच्या टोळीच्या म्होरक्या काकूंनी, त्यांच्या भाषेत. पहिल्यांदा कागद हातात दिला तर काकू वाचून अडखळायला लागल्या. कागद काढून घेतला आणि सांगितलं, समजा मी तुमची सून आहे, मला सांगा. एका दमात झालं. "पिशवीत पाहाय. तीन रात्री आठ-आठ पाखरं पडले तं फवार. नाइ तं पैशाले हात लावू नको." कामगंध गेला, प्रादुर्भाव गेला, पातळी गेली. गुजरातेत अशाच एका आवाजी सेवेच्या अभ्यासात गंमत दिसली होती : शेतकरी मुलाखतीत सांगायचे की सल्ला शास्त्रज्ञाचा हवा, पण प्रत्यक्षात माहितीसाठी जास्त फोन आले ते शेतकऱ्याच्या आवाजातल्या टिपांवर. आमच्याकडे काकूंच्या आवाजाला पुरुषांकडून सुरुवातीला 'बाईमानसाचं काय ऐकाचं' असे शेरे आले. त्यांच्यापैकी काहींचे मिस कॉल नंतर नियमित यायला लागले, याची नोंद आमच्याकडे आहे, त्यांना दाखवलेली नाही.

वेळ ठरवायला कॅलेंडर सोडलं. शेतकरी पोळ्याच्या अमावस्येवर हिशेब ठेवतो. अंधाऱ्या रात्रींत पतंग जास्त अंडी घालतात असं मानतो, आणि कृषी खातंही त्या सुमारास लक्ष ठेवायला सांगतं. 2021 ला पोळा 6 सप्टेंबरला होता, 2022 ला 26 ऑगस्टला. मागच्या वर्षीचं तारखांचं वेळापत्रक तसंच ठेवलं असतं तर आम्ही अकरा दिवस मागे पडलो असतो. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात 'पिशव्या लावा, गोळी बदला' हा निरोप गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाच्या शिवेवर पोरं 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' (मारबत म्हणजे गावातली पीडा बाहेर नेणारा पुतळा) ओरडत होती आणि त्यात कुणीतरी बोंडअळीचंही नाव घेतलं. हे श्रेय आमचं नाही, पण ऐकून बरं वाटलं.

आता दुकानदार. आमच्या चौघांत सगळ्यात मोठं भांडण याच्यावरून झालं, तेही दोन रात्री. माझं म्हणणं होतं, मंगळवारी जो निरोप जाणार तो रविवारी दुकानदाराला ऐकवू. त्याला माल भरायला वेळ मिळेल आणि तो विरोधात जाणार नाही. मैत्रीण उसळली. "म्हणजे आपण त्याचे एजंट झालो. उद्या तो म्हणेल अमुक कंपनीचं नाव घ्या." तिचं खोटं नव्हतं. शेवटी दोन गोष्टी ठरल्या. निरोपात कधीच ब्रँडचं नाव घ्यायचं नाही, फक्त आतल्या रसायनाचं, म्हणजे शेतकरी बाटलीवरच्या बारीक अक्षरांत ते शोधू शकेल. आणि फवारू नका हा निरोपही दुकानदारानं आधी ऐकायचा. ज्या आठवड्यात दवाई विकायची नाही, त्या आठवड्यात तो काय करतो हे बघायचं.

त्यानं काय केलं? पहिल्या वेळी काही नाही, नेहमीसारखं विकलं. दुसऱ्या वेळी निंबोळी अर्काचे डबे पुढच्या फळीवर आणून ठेवले. पूर्वी ते मागे पोत्यांच्या आडोशाला असायचे. मग सुरुवातीला सांगितलेला तो स्पीकरवरचा प्रसंग. ती युक्ती आमची नव्हतीच. शेतकऱ्यांनीच शोधून काढली. उधारी देणाऱ्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही, पण फोन काउंटरवर ठेवून 'हे आयका' म्हणता येतं. नाही म्हणायचं काम काकूंचा आवाज करतो. दुकानदाराचाही मान राहतो, कारण तो शेतकऱ्याचं ऐकत नसतो, फोनचं ऐकत असतो. आम्ही फोनला माहितीची नळी समजत होतो, गावानं त्याचा मध्यस्थ केला.

पाण्याच्या मागून

जमलं नाही तेही सांगायला हवं. 2022 च्या जुलै-ऑगस्टात विदर्भात पावसानं उसंत दिली नाही. प्रश्नांच्या पेटीत एका संध्याकाळी निरोप आला : आज उघडीप आहे, उद्या सकाळी मारू का? आमची पद्धत अशी की प्रश्न रात्री ऐकायचे, मैत्रीण जाणकारांना विचारणार, उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्यानं सकाळी फवारलं. दुपारी पाऊस आला, सगळं धुऊन गेलं. आमचं उत्तर संध्याकाळी पोचलं : थांबा, पावसाची शक्यता आहे. रात्री त्याच नंबरवरून दुसरा निरोप. शांत आवाज. "तुमचं उत्तर पान्याच्या मांगून आलं, भाऊ." हवामानाचे प्रश्न त्यानंतर आम्ही वेगळे काढून लगेच उत्तर द्यायला लागलो, पण दिवसा नोकरी करणाऱ्या चार जणांचं 'लगेच' किती लगेच असणार? पूर्ण वेळ एक माणूस हवा होता, आणि त्याचा पगार कुठल्याच सॉफ्टवेअरपेक्षा जास्त होता.

फवारण्या कमी झाल्या का? दुकानदार म्हणतो, दोन-तीन दवाया एकत्र मागणारे कमी झाले. पण लगेच जोडतो की त्या वर्षी फवारायला उघडीपच कुठं होती. उत्पादन वाढलं असं मी कुठल्याही परिसंवादात म्हणणार नाही; अतिवृष्टीच्या वर्षी तीन गावांवरून कापसाच्या उताऱ्याचं श्रेय घेणं हा निर्लज्जपणा होईल. आमच्या हाती लागली ती प्रश्नांची पेटी. तिच्यातले सगळ्यात जास्त प्रश्न अळीबद्दल नव्हतेच. होते ते "लाइन कवा येते?" याबद्दल. तेव्हा शेतीपंपाला वीज पाळीनं मिळायची, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. पाळी बदलली की कळायला मार्ग नाही, आणि रात्रीच्या पाळीत साप-विंचवाच्या वावरात बॅटरी घेऊन माणूस उभा. आम्ही अळीचा नंबर रंगवला होता, लोकांनी त्याला गावाचा नंबर केला. विजेचं उत्तर देणं आमच्या हातात नव्हतं. तसं सांगणारा निरोप काकूंनी रेकॉर्ड केला, तरी प्रश्न येतच राहिले.

आता सापळ्याचा फोटो काढला की पतंग मोजून देणारी अ‍ॅपं आली आहेत. वाधवानी एआयचं कॉटनएस त्यातलंच. काम चांगलं आहे, मोजणीतली चूक वाचते. मी फक्त एवढंच विचारेन की तो कॅमेऱ्याचा फोन सकाळी सातला, पिशवी उघडायच्या वेळी, कुणाच्या खिशात असतो.

2023 पासून आमची सेवा अशी चालू नाही. मैत्रिणीची बदली झाली, दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यानं पुणं गाठलं. नंबर मात्र मी चालू ठेवलाय, रिचार्ज करतो. बरेच महिने कुणी फिरकलं नव्हतं. मध्यंतरी एक मिस कॉल दिसला. मी स्वतःच उलटा फोन लावला. पलीकडचा आवाज ओळखीचा नव्हता.

"यंदा पराटी नाइ लावली भाऊ. संत्र्याची कलमं लावली. संत्र्याचं सांगता का तुमी?"

मी म्हटलं, नाही हो, आणि ती सेवाही आता बंद आहे. दुकानात विचारलं का?

"त्यानंच तं नंबर देल्ला."